दुसऱ्याचा संसार उचलताना

मैत्रिणींनो, लग्न झाल्यापासून किती घरं बदललीत हो तुम्ही? जरा बोटांवर मोजून बघा. यजमान बँकेत, पाटबंधारे खात्यात नाहीतर एस. टी. त असले, तर एका हाताची बोटं पुरायची नाहीत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. आपलं बिऱ्हाड टेंपोवर असतं, आणि तो टेंपो दुसऱ्याचा असतो! ज्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत अशी चार माणसं सकाळी सात वाजता दारात येतात आणि दुपारपर्यंत वीस वर्षांचा संसार त्यांच्या हाती जातो. आईनं दिलेली पातेली, सासूबाईंच्या हातची लोणच्याची बरणी, मुलांची बक्षिसं, कपाटातल्या घडीच्या साड्या, सगळं. त्या दिवशी बाईच्या पोटात जो गोळा उठतो, तो मी जवळजवळ तीस वर्षं बघत आले आहे. कारण ती चार माणसं पाठवणारी बाई मी!

घरसामान हलवण्याचा आमचा धंदा आहे, सांगलीत. हल्ली त्याला ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ म्हणायचं. पण आमची जुनी गिऱ्हाइकं अजून ‘वैनींचा टेंपो’च म्हणतात, आणि मला ते बरं वाटतं.

सुरुवात झाली १९९६ साली. आमच्या ह्यांचा एकच टेंपो होता. मार्केट यार्डातून हळदीची पोती आणि गुळाच्या ढेपा वाहायचा. मे महिन्यात एका बँकेतल्या साहेबांची बदली रत्नागिरीला झाली आणि ते भाडं ठरवायला आले. बरोबर त्यांच्या बाई होत्या. साहेब दर विचारत होते. बाई मात्र टेंपोच्या मागं गेल्या, फळीवरून एक बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. पिवळंधमक!

‘‘ह्यात माझ्या गाद्या ठेवायच्या?’’ एवढंच म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. संध्याकाळी दोन बादल्या पाणी आणि सोडा घेऊन टेंपो घासला. दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवला. खाली धुतलेली ताडपत्री, वर घरातल्या दोन सतरंज्या अंथरल्या आणि बाईंना निरोप पाठवला, ‘येऊन बोट फिरवून बघा.’ बाई आल्या, त्यांनी खरंच बोट फिरवलं, आणि हसल्या. आंबा घाट उतरून त्यांचं सामान रत्नागिरीला पोचलं, आणि महिन्याभरात त्यांच्याच बँकेतल्या दोन बिऱ्हाडांची भाडी आमच्याकडे आली. एक पैशाची जाहिरात नाही. त्या पिवळ्या बोटानं मला हा धंदा शिकवला म्हणा ना! गिऱ्हाइकाला आपल्या शब्दाचा विश्वास नको असतो. त्याला बोट फिरवून बघता येईल असं काहीतरी हवं असतं.

तेव्हापासून सामान बघायला मी स्वतः जाते. फोन बहुधा यजमानांचा येतो. ‘‘वन बी. एच. के. आहे, फार काही नाही हो, किती घ्याल?’’ पण घरात काय आहे हे पुरुषांना कुठं ठाऊक असतं? मी घरातल्या बाईंना विचारते : ‘‘माळ्यावर काय आहे? पलंगाच्या पोटात काय आहे? गच्चीवर कुंड्या किती? पाटा-वरवंटा नेणार की देऊन टाकणार? घरघंटी आहे का?’’ ‘फार काही नाही’ म्हटलेल्या घरातून माळ्यावरची अकरा खोकी निघतात, मैत्रिणींनो! ती आधी मोजली नाहीत, तर सामान भरायच्या दिवशी वाद ठरलेला. मग जिना किती अरुंद, लिफ्ट आहे का, गल्लीत मोठी गाडी शिरते का, हे बघायचं. दोन्हीकडचं! जिथं जायचं तिथला जिनाही विचारायचा. हल्ली लोक मोबाइलवर व्हिडिओ करून पाठवतात, तेही चालतं. मात्र कपाटं उघडून दाखवलेली असावीत.

हे सगळं बघून मग आकडा सांगायचा, तो कागदावर लिहून द्यायचा आणि पोचल्यावर तोच घ्यायचा. ऐकायला साधं वाटतं ना? पण ह्या धंद्यातली निम्मी फसवणूक इथंच होते.

आमच्या ओळखीच्या एका शिक्षिका बाईंची गोष्ट सांगते. मी त्यांना पुण्याचा दर सांगितला, तो त्यांना जास्त वाटला. दुसऱ्या कुणी जवळजवळ निम्म्यात सांगितलं. फोनवरच, घर न बघता. माणसाला स्वस्त हवंसं वाटतं, त्यात त्यांचं काय चुकलं? सामान भरलं, गाडी निघाली, आणि वाटेतून फोन आला : ‘‘सामान जास्त निघालं, पंधरा हजार आणखी टाका, नाहीतर गाडी पुढं जाणार नाही.’’ बाई नव्या घरात, रिकाम्या फरशीवर, दोन लेकरं घेऊन बसलेल्या. चूल नाही, अंथरूण नाही. काय करतील? पैसे पाठवले. कागद मागावा तर कागदच नव्हता, होता तो नुसता मोबाइल नंबर, आणि तोही पुढं लागेना.

म्हणून सांगते, घर न बघता सांगितलेला दर हा दर नव्हेच, ते आमिष! कायद्यानं वाहतूकदारानं सामानाची पावती द्यायला हवी. २००७ चा रस्ते वाहतुकीचा कायदा आहे, तो २०११ पासून लागू झाला. त्यात वाहतूकदारानं नोंदणी करायची, सामानाचा तपशील आणि किंमत लिहून घ्यायची, पावती द्यायची, असं सगळं आहे. पावतीवर नोंदणीचा नंबर, कचेरीचा पत्ता आणि गाडीचा नंबर बघून घ्या. सामान गाडीत चढण्याआधी बघा. चढल्यावर मग आपला हात दगडाखाली असतो.

आता सगळ्या बायका हमखास विचारतात तो प्रश्न : ‘‘वैनी, काही फुटणार नाही ना?’’

‘अजिबात नाही’ असं मी कधीच म्हणत नाही. घाटातून, खड्ड्यांतून सामान जायचं म्हटल्यावर असं वचन कुणी द्यावं? मी सांगते, ‘‘काय फुटू शकतं ते आधी सांगते. त्याला काय करणार तेही सांगते.’’ काचेच्या बशा आडव्या रचल्या तर खालच्या तडकतात, म्हणून त्या उभ्या ठेवायच्या, मध्ये कागद घालून. पुस्तकांना लहान खोकी घ्यायची. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की उचलताना खोक्याचा तळ तरी सुटतो, नाहीतर हमालाची पाठ तरी. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, वर दादरा घट्ट बांधायचा, आणि बरणी उभीच न्यायची. तेल एकदा खोक्यात उतरलं की शेजारच्या चादरीचं काही खरं नाही! फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून कोरडा करायचा, उभाच न्यायचा आणि पोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करायचा. पुढून दार असलेल्या धुण्याच्या मशीनला ड्रम पक्का धरून ठेवणारे बोल्ट मिळालेले असतात. ते मशीन आलं तेव्हा तुम्ही कुठंतरी पुरचुंडीत बांधून ठेवलेत, आठवतंय का? ते शोधा. स्टीलच्या डब्यांची मात्र काळजी नको, ते मेले आपल्याला पुरून उरतात! त्यांच्या पोटात टॉवेल आणि लहान कपडे भरा, जागा वाचते.

मिरज शेजारीच. त्यामुळं तंबोरे आणि सतारी आमच्या वाट्याला बऱ्याचदा येतात. मिरजेच्या ह्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे नुसतं टरफल असतं हो. त्याच्यावर उशीसुद्धा ठेवायची नाही. तारा थोड्या सैल करायच्या, भोपळ्याला चारी बाजूंनी मऊ गादी करायची आणि ते वाद्य सगळ्यांत शेवटी, सामानाच्या वर चढवायचं. गिऱ्हाईक बाई गाणाऱ्या असल्या तर मी त्यांनाच म्हणते, तुम्ही समोर उभ्या राहा आणि सांगा. त्यांनी सांगितलं तसं आमच्या माणसांनी केलं की दोघांचाही जीव भांड्यात पडतो.

आणि फुटलं तर? आमच्याकडे एक नियम आहे. गिऱ्हाइकाच्या नजरेला पडण्याआधी आमच्या माणसानं सांगायचं. खोकं हलवल्यावर काच खुळखुळली तर ते कोपऱ्यात ढकलून निघून यायचं नाही, बाईंसमोर उघडायचं. फुटलेली वस्तू बाई विसरतात, लपवलेली विसरत नाहीत.

विम्याचंही नीट समजून घ्या. जादा किंमत लिहून त्याप्रमाणे जादा जोखमीचा दर दिला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी दिलेल्या भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. म्हणजे भाडं कमी आणि सामान भारी असेल तर वेगळा विमा हवाच. त्यात किंमत खरी लिहा. हप्ता वाचवायला निम्मी लिहिलीत तर भरपाईही त्याच मानानं मिळते. खोकी तुम्ही स्वतः भरलेली असतील तर आतल्या फुटतुटीचा दावा बहुधा धरत नाहीत, तेव्हा हेही आधी विचारा. नुकसान झालं तर लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. ‘बघू सावकाश’ करू नका. दाद लागली नाही तर १९१५ हा ग्राहकांसाठीचा सरकारी फोन आहे.

इथवर विश्वासाचं बोलले ते आम्ही तुमचा कसा मिळवायचा ह्याबद्दल. पण मैत्रिणींनो, विश्वास एकतर्फी चालत नाही, आणि ते मला एका घरात फार लख्ख दिसलं.

सामान निम्मं चढलं होतं. एकदम आतून ओरडा झाला. बाईंच्या मोत्यांच्या कुड्या सापडेनात. त्या बाहेर आल्या त्या थरथरतच. ‘‘ह्यांचे खिसे तपासा! ह्यांच्याशिवाय आत कोण आलंय?’’ शेजारपाजारचे दारात आले. आमचे मुकादम, त्यांना सगळे मामाच म्हणतात, साठीला आलेला माणूस. त्यांनी एक शब्द न बोलता डोक्यावरचं मुंडासं सोडलं, झटकलं आणि सदऱ्याचे खिसे उलटे करून उभे राहिले. त्यांच्यामागं तिघं पोरं. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी पुढं झाले. म्हटलं, ‘‘बाई, तुमचं सोनं गेलंय, तुमचा जीव तुटणारच. पोलिसांना बोलवायचं असेल तर बोलवा, आम्ही कुणी इथून हलणार नाही. पण माझ्या माणसांना सगळ्यांसमोर हात लावू देणार नाही. आधी आपण दोघी मिळून घर बघू.’’ आम्ही यादी काढली. बाईंच्या बेडरूममध्ये आमचं कुणी अजून गेलंच नव्हतं. तिथल्या खोक्यांना नंबरच पडले नव्हते. ‘‘काल रात्री शेवटचं काय काय आवरलंत?’’ मी विचारत गेले, त्या आठवत गेल्या. आणि बोलता बोलता त्यांचा हात तोंडावर गेला. हमाल येणार म्हणून त्यांनीच कुड्या रुमालात बांधून तांदळाच्या डब्यात खुपसल्या होत्या!

डबा उघडला, रुमाल निघाला. बाई मटकन खाली बसल्या. मला वाटलं, आता ह्या आत निघून जातील. पण नाही. त्या ओट्यावर आल्या, शेजाऱ्यांच्या समोर मामांना म्हणाल्या, ‘‘दादा, चुकलं माझं.’’ मग चहा केला. बांधून ठेवलेल्या खोक्यातून चांगले कप सोडवले आणि त्यात दिला. मामा एवढंच म्हणाले, ‘‘माय, सोनं अंगावर ठेवत जा. आम्हाला बी झोप लागंल.’’ चार वर्षांनी त्यांच्या मुलीच्या लग्नाचं रुखवत आणि सामान आम्हीच नेलं. फोनवर बाईंनी पहिलं विचारलं ते दराचं नव्हे. ‘‘मामा येणार ना?’’

त्या दिवसापासून मामांचं वाक्यच आमचा नियम झालं आहे. दागिने, रोख रक्कम, घराची कागदपत्रं, मुलांचे दाखले आणि देव. ह्या पाच गोष्टी आम्ही नेत नाही. तुमच्या हातात राहू द्या. काही गिऱ्हाइकांना वाटतं, ही बाई जबाबदारी टाळते. टाळत नाही हो. संशयाला जागाच ठेवत नाही. गरिबाकडे अब्रूशिवाय दुसरं भांडवल नसतं, आणि माझ्या माणसांची अब्रू मी कुणाच्या विसराळूपणावर सोडणार नाही.

आणखी एक प्रसंग सांगते. ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णामाईनं ४५ फुटांची धोक्याची रेषा केव्हाच मागं टाकली होती. पाणी गल्लीगल्लीतून चढत होतं आणि लोक टेंपोसाठी धावत होते. काही ठिकाणी पाचपट भाडं मागितलं जात होतं. आमच्या घरी त्या रात्री बोलणं झालं. हे म्हणाले, ‘‘डिझेल मिळंना, रस्ता बंद होतोय, आपणही थोडं वाढवू या का?’’ मी म्हटलं, ‘‘आज वाढवाल, पण उद्या ह्याच गावात राहायचंय.’’ नेहमीच्याच दरानं आमच्या दोन्ही गाड्या चालल्या, रस्ता होता तोवर. खोकी नाहीत, नंबर नाहीत, चादरीत बांधलेला संसार आणि त्याच्यावर बसलेल्या आजीबाई. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ काढून लोक पुन्हा आले, आणि तेव्हा कुणीही दर विचारला नाही. ‘‘लावा तुमचं तुम्ही,’’ म्हणाले. ह्याहून मोठं सर्टिफिकेट मला कुणी दिलेलं नाही.

आता तुमच्या उपयोगाचं थोडक्यात. शक्य असेल तर महिनाअखेर आणि मे महिना टाळा, तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. पितृपंधरवड्यात कुणी घर बदलत नाही. तुमचं तसं काही नसेल तर तेव्हा गाडी सहज मिळते. गॅसची टाकी सामानात देऊ नका. परगावी जात असाल तर टाकी आणि रेग्युलेटर एजन्सीकडे जमा करून कागद घ्या, त्यावर नव्या गावी जोडणी मिळते. वापरलेल्या घरसामानाला जी. एस. टी. चं ई-वे बिल लागत नाही. त्याच्या नावावर कुणी वाटेत पैसे मागितले तर देऊ नका. प्रत्येक खोक्यावर नंबर आणि खोलीचं नाव घाला. यादीच्या दोन प्रती करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या. मोठ्या वस्तूंचे भरण्याआधी फोटो काढा. उतरवताना एकीनं दारात यादी घेऊन बसावं आणि टिक केल्याशिवाय खोकं आत जाऊ देऊ नये. पोचल्याची सही सामान मोजून झाल्यावर. काही कमी किंवा मोडलेलं असेल तर सहीच्या वरच तसं लिहा.

आणि एक खोकं वेगळं करा : चहा, साखर, दुधाची पावडर, एक पातेलं, चार कप, मेणबत्ती, मुलांची औषधं, एक चादर. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘आज’ असं लिहा. ते सगळ्यांत शेवटी चढतं आणि सगळ्यांत आधी उतरतं.

गाडी ठरवताना अमकीची कंपनी मोठी का तमकीची, ह्यात फार पडू नका. सामान बघायला आलेला माणूस माळ्यावर चढून बघतो का, ‘हे फुटू शकतं’ असं तोंडावर सांगतो का, आकडा कागदावर लिहितो का, आणि आपल्या हमालांशी कसा बोलतो, एवढं बघा. जो आपल्या माणसांना ‘ए’ म्हणतो, तो तुमच्या बरण्या काय सांभाळणार? आणि तुमच्या घरी ती चार माणसं आली की आधी पाण्याचा तांब्या पुढं करा. उन्हात तीन मजले चढउतार करणाऱ्याला त्याचं मोल कळतं.